आधी लायक व्हा, मग काम?

मानसिक आजार असलेल्या माणसाला नोकरी झेपत नाही, असे फक्त मालक किंवा नातेवाईक म्हणत नाहीत. डॉक्टर आणि पुनर्वसनातले तज्ज्ञही वर्षानुवर्षे तेच सांगत आले. या मताचा इतिहास तपासला की त्यातला दुटप्पीपणा उघडा पडतो.

विसाव्या शतकात अमेरिकेतली सरकारी मनोरुग्णालये मोठ्या प्रमाणावर रुग्णांच्याच श्रमावर चालत. शेती, धोबीखाना, स्वयंपाकघर, साफसफाई, सगळीकडे रुग्ण राबत. मजुरी नाही, असलीच तर नाममात्र. कारण काय, तर हा 'उपचार' आहे! म्हणजे भिंतीच्या आत राबायला माणूस लायक आणि बाहेर पगार घ्यायला नालायक. १९७३ साली 'साउडर विरुद्ध ब्रेनन' खटल्यात वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने अशा कामालाही किमान वेतनाचा कायदा लागू केला. मग अनेक रुग्णालयांनी काय केले? मजुरी देण्याऐवजी काम देणेच बंद केले.

रुग्णालयाबाहेर आलेल्यांपुढे नवी अट होती: आधी प्रशिक्षण, मग संरक्षित कार्यशाळा, जमलेच तर नोकरी. अनेकांची ही 'तयारी' कधी संपलीच नाही. १९९० च्या दशकात न्यू हॅम्पशायर राज्यात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी हा क्रम उलटा केला. ज्याला काम हवे त्याच्यासाठी लगेच खुल्या बाजारातली नोकरी शोधायची, आजाराचे नाव पाहून कोणाला वगळायचे नाही आणि नोकरी लागल्यावरही सोबत सोडायची नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात आधी प्रशिक्षण देण्याच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने जास्त लोकांना नोकऱ्या मिळाल्या. तज्ज्ञांचा जुना अंदाज खोटा ठरला.

आपल्या देशात १९९५ च्या अपंग कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्व मानले, पण नोकरीतल्या ३ टक्के आरक्षणातून वगळले. २०१६ च्या कायद्याने आरक्षण ४ टक्के केले. त्यातल्या १ टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता यांसारख्या गटांसोबत मानसिक आजारालाही वाटा मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णांकडून सक्तीने काम करून घेण्यास मनाई केली आणि केलेल्या कामाच्या योग्य मोबदल्याचा हक्क दिला.

फुकट राबवून घ्यायचे आणि हक्क मागितला की लायकी काढायची, ही रीत आपल्या पिढ्यांनी भोगली आहे. म्हणून मित्रांनो, पुढच्या भरतीच्या जाहिरातीत हा १ टक्का शोधा. नसेल तर लेखी जाब विचारा.

जय भीम!