मोरपिशी डोळ्याचा मासा
शेपटीच्या मुळाशी सोनेरी कडेचा काळा ठिपका, अगदी मोरपिसातल्या डोळ्यासारखा. म्हणून हा 'पीकॉक बास'. मूळचा ॲमेझॉन-ओरिनोकोकडचा. पिल्लू ओळखताना आम्ही अंगावरचे तीन काळे डाग आधी पाहतो. मोठेपणीचे पट्टे नंतर उमटतात. २००६ साली कुलांडर आणि फरेरा यांनी या मत्स्यप्रजातीत १५ जाती मोजल्या. तेव्हा पिल्लाची नेमकी जात छातीठोकपणे सांगणाऱ्या दुकानदारावर फार विसंबू नये!

पाणी कोमट हवे, खाणे शक्यतो जिवंत. बोटाएवढे पिल्लू वर्ष-दीड वर्षात घरच्या टाकीत मावत नाही. मग सोडायचे कुठे?

पनामात १९६७ च्या सुमारास एका तळ्यात पाळलेले हे मासे निसटून नदीत आणि तिथून गातून तलावात शिरले. १९७३ साली झॅरेट व पेन यांनी नोंदवले, की तिथले बहुतेक लहान स्थानिक मासे नाहीसे झाले होते. त्यांत डासांच्या अळ्या खाणारेही होते. याच कुळातला तिलापिया आपण १९५२ साली मुद्दाम भारतात आणला. आज तो देशभर आहे.

'एकच तर आहे' म्हणत अंबाझरीत मासा सोडणाऱ्याने २३ सप्टेंबर २०२३ आठवावा. त्या पहाटे तलाव भरून वाहिला, नाग नदी नागपूरच्या वस्त्यांत शिरली. नागचे पाणी पुढे कन्हानच्या खोऱ्यात जाते आणि कन्हान वैनगंगेला मिळते.