गुन्हे व गुन्हेगार यांचे वर्गीकरण

गुन्हे व गुन्हेगार यांचे वर्गीकरण हा गुन्हेशास्त्रातील एक मूलभूत विषय आहे. गुन्हा कशास म्हणावे, गुन्ह्यांचे प्रकार कोणत्या कसोटीवर पाडावेत आणि गुन्हा करणाऱ्या माणसांचेही प्रकार पाडता येतात काय, या तीन प्रश्नांचा त्यात विचार होतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी कायद्याच्या पुस्तकात सापडतात. तिसरा प्रश्न अवघड आहे आणि महाराष्ट्रापुरता तो केवळ पुस्तकीही नाही. कारण येथील काही समाजांना जवळजवळ चार दशके कायद्यानेच जन्मतः गुन्हेगार ठरविले होते.

संज्ञा व व्याख्या

‘अपराध’ हा संस्कृत शब्द, तर ‘गुन्हा’ हा फारसी ‘गुनाह’पासून आलेला. मराठी राज्यव्यवहारात दोन्ही टिकून आहेत: संहितेच्या मराठी अनुवादात ‘अपराध’ येतो, पोलीस ठाण्यात मात्र ‘गुन्हा’ दाखल होतो. फारसीत ‘गुनाह’ म्हणजे पापही. परंतु गुन्हेशास्त्र पाप, अपकृत्य आणि गुन्हा यांत स्पष्ट भेद करते. पाप हे धर्माविरुद्ध असते आणि त्याला प्रायश्चित्त असते. अपकृत्याने एका व्यक्तीचे नुकसान होते व त्याची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते. गुन्हा मात्र राज्याविरुद्ध घडला असे मानले जाते, म्हणून फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष बहुधा शासन असते. उसने घेतलेले पैसे वेळेवर परत न करणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे. परत करावयाचे नाहीत असे आधीच ठरवून, खोटी बतावणी करून ते घेतले असतील, तर ती फसवणूक होते. दोन्ही प्रसंगांत सावकाराचे नुकसान सारखेच असते. वेगळी असते ती घेणाऱ्याची बुद्धी.

यावरून गुन्ह्याचे दोन घटक लक्षात येतात: बाह्य कृती आणि सदोष मन. नुसता वाईट विचार शिक्षापात्र नसतो आणि ज्याला आपल्या कृत्याचा अर्थ कळत नाही त्याची कृतीही सहसा शिक्षापात्र नसते. भारतीय न्याय संहितेनुसार ७ वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. ७ ते १२ या वयात मुलाची समज पुरेशी परिपक्व होती काय, हे पाहिले जाते.

गुन्ह्याची कल्पना काळानुसार बदलते. व्यभिचाराचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले; तोपर्यंत सुमारे दीड शतक तो भारतात फौजदारी गुन्हा होता. उलट, जादूटोण्याच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार महाराष्ट्रात २०१३ च्या स्वतंत्र कायद्याने आणि जातपंचायतींकडून होणारा सामाजिक बहिष्कार २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला. वाळीत टाकण्याची रूढी त्याआधी शतकानुशतके ‘पंचांचा निर्णय’ म्हणून प्रतिष्ठेने नांदत होती.

गुन्ह्यांचे वर्गीकरण

१८६० चा भारतीय दंड संहिता हा कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलात होता. त्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ ने घेतली. ५११ कलमांऐवजी आता ३५८ कलमे आहेत. संहितेतील वर्गीकरण विषयानुसार आहे: मानवी शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे, महिला व बालकांविरुद्धचे, सार्वजनिक शांततेविरुद्धचे, राज्याविरुद्धचे अपराध, असे. संघटित गुन्हेगारीला देशव्यापी संहितेत प्रथमच स्वतंत्र कलम मिळाले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासूनच ‘मकोका’ हा विशेष कायदा आहे.

सामान्य नागरिकाला अधिक उपयोगी पडणारे वर्गीकरण प्रक्रियेवर आधारलेले आहे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात व वॉरंटाविना अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात तसे करता येत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. मृत्युदंड, आजन्म कारावास किंवा २ वर्षांहून अधिक कारावास होऊ शकेल अशा खटल्यास वॉरंट खटला व उरलेल्यांस समन्स खटला म्हणतात. काही गुन्हे पक्षकारांना आपसात मिटवता येतात.

वर्गीकरणात मूल्यनिर्णय दडलेला असतो, ही गोष्ट शिक्षेच्या कोष्टकावरून ध्यानात येते. राहत्या घरातील चोरीस संहितेच्या कलम ३०५ नुसार ७ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा मृत्यू घडवून आणणाऱ्यास कलम १०६ नुसार सामान्यतः ५ वर्षांपर्यंत. जुन्या संहितेत ही मर्यादा २ वर्षेच होती. चोरीत हेतू असतो, निष्काळजीपणात तो नसतो, असे याचे समर्थन केले जाते. परंतु गेलेला जीव आणि गेलेला ऐवज यांची तुलना ज्याला करावी लागते, त्याला हे समर्थन पुरेसे वाटेलच असे नाही.

हा प्रश्न औद्योगिक वसाहतींत विशेष ठळक होतो. नवी मुंबईतील पावणे हे गाव ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात येते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या क्षेत्रात रासायनिक कारखाने बरेच असून बाजूलाच ठाण्याची खाडी आहे. अशा ठिकाणी कारखान्यातून तांब्याची तार उचलणारा चोर आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी नाल्यात सोडणारा कारखानदार हे दोघेही कायदा मोडतात. पहिला पकडला गेला की त्याच्या नावापुढे ‘चोर’ लागते. दुसऱ्यासाठी तितका नेमका शब्द मराठीत नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या भंगाबद्दल पूर्वी ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती आली असून ती न्यायालय नव्हे तर न्यायनिर्णय अधिकारी ठरवितो. शास्ती न भरल्यास मात्र कारावास होऊ शकतो. म्हणजे खाडीत जाणारे पाणी तेच राहिले, कायद्यातील त्याचे वर्ग मात्र बदलले.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये अशाच कृत्यांकडे लक्ष वेधून ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही संज्ञा रूढ केली. प्रतिष्ठित व्यक्तीने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा तिचा अर्थ. गुन्हा गरिबीतूनच जन्मतो, या समजुतीला तिने धक्का दिला.

गुन्ह्यांच्या आकडेवारीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘भारतातील गुन्हे’ हा वार्षिक अहवाल वापरला जातो. तो १९५३ पासून निघतो. त्यातील आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदविलेल्या गुन्ह्यांचे असतात. एका प्रकरणात अनेक गुन्हे असल्यास त्यांपैकी सर्वांत गंभीर असलेला एकच मोजला जातो. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले, असे लगेच म्हणता येत नाही. कदाचित तक्रार घेण्याची टाळाटाळ कमी झाली असेल.

गुन्हेगारांचे वर्गीकरण

अठराव्या शतकातील अभिजात संप्रदायाला गुन्हेगारांचे प्रकार पाडण्याची गरज वाटली नाही. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांच्या १७६४ च्या ग्रंथात माणूस सुखदुःखाचा हिशेब करणारा विवेकी प्राणी मानला आहे. शिक्षा कृत्याच्या प्रमाणात असावी, करणारा कोण आहे हे पाहून नव्हे, असा त्यांचा आग्रह होता.

ही दिशा उलटी फिरविली ती चेझारे लोंब्रोसो या इटालियन वैद्याने. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली: काही माणसे उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवर राहिलेली असतात व कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात. त्यांचे अनुयायी एन्रिको फेरी यांनी वेडसर, जन्मजात, सवयीचे, प्रासंगिक आणि भावनावेगाने गुन्हा करणारे असे पाच प्रकार केले. पुढे इंग्लंडमधील चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३ हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि गुन्हेगारांचा असा वेगळा शारीरिक प्रकार आढळत नाही, असे १९१३ मध्ये दाखवून दिले. लोंब्रोसो यांचे अनुमान टिकले नाही. गुन्हेगाराचा अभ्यास निरीक्षणाने करावा, हा त्यांचा आग्रह तेवढा शास्त्रात राहिला.

विसाव्या शतकात लक्ष शरीराकडून परिस्थितीकडे वळले. सदरलँड यांच्या मते गुन्हेगारी वर्तन निकटच्या सहवासातून शिकले जाते, जसा एखादा धंदा शिकला जातो. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये आणखी वेगळी बाजू पुढे आणली: समाज एखाद्यावर गुन्हेगाराचा शिक्का मारतो, मग काम, भाडोत्री घर, सोयरीक यांची दारे त्याला बंद होतात आणि अखेर तो त्या शिक्क्याप्रमाणे जगू लागतो. यास शिक्क्याचा सिद्धान्त म्हणता येईल.

व्यवहारात आज प्रथम गुन्हेगार, प्रासंगिक, सराईत, धंदेवाईक, संघटित आणि मनोविकारग्रस्त असे प्रकार मानतात. या वर्गीकरणाचा चांगला उपयोगही आहे. प्रथम गुन्हेगारास १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमानुसार तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडता येते. १८ वर्षांखालील मुलांसाठी ‘बालगुन्हेगार’ हा शब्दच कायद्याने टाकून दिला असून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ अशी संज्ञा स्वीकारली आहे. ती बोजड असली, तरी मुलाच्या नावावर शिक्का बसू नये हा तिच्यामागील हेतू योग्य आहे.

जन्माने गुन्हेगार ठरविलेले समाज

लोंब्रोसो यांच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी भारतात ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा, १८७१ संमत केला होता. येथे जन्म सूत्ररूप झाला तो कवटीच्या मापाने नव्हे, जातीने. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, त्याप्रमाणे चोराचा मुलगा चोर, असा तर्क त्यामागे होता. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. कायदा आधी वायव्य प्रांत, अवध व पंजाब यांना लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता आला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले.

अधिसूचित जमातीतील माणसाने कोणताही गुन्हा केलेला नसला तरी त्याची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी त्याला हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचे तर परवाना लागे. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वयाच्या मुलांना आईबापांपासून दूर सुधारगृहात ठेवण्याचीही सोय केली. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी वसाहती उभारण्यात आल्या. सोलापूरच्या वसाहतीतील अनेक लोक शहरातील कापड गिरण्यांत काम करीत आणि पाळी संपली की पुन्हा तारेच्या कुंपणाआड परतत. या वसाहतीला सोलापुरात ‘सेटलमेंट’ हेच नाव पडले आणि ते टिकले.

यांतील काही समाजांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे वर्गीकरणातील विपर्यास उमगतो. पुणे परिसरात रामोशी गावाची राखण करीत. गडकिल्ल्यांच्या बंदोबस्तातही ते असत. कंपनी सरकारच्या काळात ही वतने व कामे गेली आणि त्याच समाजातील उमाजी नाईक यांनी बंड पुकारले. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले गेले. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार रेल्वेने बुडविला. सरकारी दप्तरात मात्र या उलथापालथीची नोंद ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’ अशी झाली.

भाषेवरही या शिक्क्याची छाप आहे. ‘भामटा’ आणि ‘बेरड’ ही समाजांची नावे; मराठीत भामटा म्हणजे ठक आणि बेरड म्हणजे निगरगट्ट. हे अर्थ शब्दकोशात आहेत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही असतात, आणि त्या समाजातील शाळकरी मूल ते वाचते.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी पारधी व इतर जमातींची हजेरी बंद करून त्यांना कामे दिली, हे त्या काळातले वेगळे उदाहरण होय. मुंबई सरकारने १९३७ मध्ये कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. मुंबई प्रांतात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. या जमाती तेव्हापासून ‘विमुक्त’ म्हणविल्या जातात व ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत १४ नावे असून बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, रामोशी, वडार, छप्परबंद हे समाज त्यात येतात. त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने या जगाची ओळख मराठी वाचकाला करून देतात. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आहे.

कायद्यातील उरलेली छाया

१९५२ नंतर जमातीच्या जागी व्यक्ती आली. मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम, १९५९ नुसार वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीची नोंद ठेवता येते. तत्त्वतः हे वर्गीकरण कृत्यावर आधारलेले आहे, म्हणून पूर्वीपेक्षा न्याय्य आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली २ वर्षांपर्यंत हद्दपार करता येते. १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात तर झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती असे माणसांचेच वर्ग केलेले आहेत. पुढे त्यात वाळू तस्करांची भर पडली.

मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९५९ हा याहून विचारात टाकणारा आहे. सार्वजनिक जागी गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून वा खेळ करून पैसे मागणे त्याच्या व्याख्येत भीक ठरते. उपजीविकेचे उघड साधन नसताना भटकणेही त्यात येते. डोंबारी, नंदीबैलवाले, जोशी यांचा परंपरागत व्यवसाय अशा रीतीने गुन्ह्याच्या व्याख्येत सापडला. दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्यातील प्रमुख कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतही जुने वर्गीकरण रेंगाळत होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जातीनुसार कैद्यांना कामे वाटणाऱ्या व विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. तुरुंगातील नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढावा, ‘सराईत गुन्हेगार’ हा उल्लेख राज्याच्या कायद्यातील व्याख्येपुरताच ठेवावा आणि नियमपुस्तिका ३ महिन्यांत सुधाराव्यात, असे निर्देश न्यायालयाने दिले.