शिक्का कोणाचा, मोर्तब कोणाचे

रहिमतपूरसारख्या गावात एखादी शाळा, पतसंस्था किंवा वाचनालय आपले संकेतस्थळ काढते, तेव्हा पहिल्या बैठकीचा सगळा वेळ रंग कोणता आणि संस्थापकांचा फोटो कुठे यातच जातो. किल्ली कोणाच्या हाती राहणार, हा विषय निघतच नाही. ज्या हौशी शिक्षकाने ते उभे केले, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइलवर सारे चालते. पुढे गुरुजींची बदली होते. प्रवेशाच्या तारखा बदलायची वेळ येते, तेव्हा संस्थेला स्वतःच्याच दारात ताटकळावे लागते. याच्या उलटही घडते. एकच पासवर्ड पाचजणांकडे असतो, एके दिवशी चुकीची सूचना प्रसिद्ध होते आणि ती कोणी टाकली हे कोणालाच सांगता येत नाही.

या दोन्ही दुखण्यांवर संगणकवाल्यांनी काढलेला उपाय म्हणजे भूमिका आणि परवानग्या. मजकूर कोणी लिहायचा, कोणी तपासायचा, कोणी प्रसिद्ध करायचा आणि नवी माणसे आत घ्यायचा अधिकार कोणाला, हे माणूस पाहून ठरवायचे नाही, पद पाहून ठरवायचे. ही कल्पना संगणकाच्या पोटी जन्मली असे मला वाटत नाही. तिचे कूळ कचेरीत आहे, आणि अशा कचेऱ्यांपैकी एक फार मोठी कचेरी आपल्या साताऱ्यात होती.

आधी अलीकडची पिढी पाहू. आज जगात सर्वांत जास्त संकेतस्थळे ज्या वर्डप्रेसवर चालतात, ते २००३ साली ‘बी-टू’ नावाच्या एका जुन्या प्रणालीतून निघाले. तेव्हा अधिकार आकड्यांनी मोजत. प्रत्येकाला शून्य ते दहा यांपैकी एक पातळी, आणि आकडा जितका वरचा तितकी मोकळीक जास्त. माणूस किती मोठा हे त्या आकड्यावरून कळे, पण त्याने नेमके काय करायचे हे कळत नसे. २००५ च्या अखेरीस आलेल्या २.० या आवृत्तीत आकड्यांच्या जागी पाच भूमिका आल्या : प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. संपादकाला सर्वांच्या मजकुरात हात घालता येतो, पण नवे वापरकर्ते नेमता येत नाहीत. लेखक स्वतःचे लिखाण स्वतः प्रसिद्ध करतो, दुसऱ्याच्या लिखाणाला त्याने हात लावायचा नाही. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो योगदानकर्ता. तो लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. आणि संपादकाने एकदा त्याचे लिखाण प्रसिद्ध केले की त्यातला काना-मात्राही त्याला बदलता येत नाही. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवावा. साताऱ्याच्या कागदांत तो पुन्हा भेटणार आहे.

वर्डप्रेसच्या आधीही या कल्पनेला एक शास्त्रीय नाव मिळाले होते. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी भूमिकाधारित प्रवेश-नियंत्रणाचा निबंध मांडला. त्याआधी युनिक्ससारख्या प्रणालींत प्रत्येक फाइलला एक मालक असे आणि ती कोणाला दाखवायची हे तो मालक ठरवी. फेरायोलो आणि कून यांचे म्हणणे असे की, संस्थेत काम करणारा माणूस तिथल्या माहितीचा मालक नसतोच. मालक संस्था असते. रुग्णाचे कागद डॉक्टरला दिसतात ते तो डॉक्टरच्या पदावर आहे म्हणून. म्हणून परवानगी पदाला द्यावी आणि माणसाला त्या पदावर बसवावे. माणूस बदलला तरी परवानग्यांची घडी मोडत नाही. १९९६ मध्ये मुंबईच्या आयआयटीत शिकलेले रवी संधू आणि त्यांचे सहकारी यांनी याची सविस्तर मांडणी केली.

त्याच्याही मागे १९८७ चा डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांचा निबंध आहे. संगणक-सुरक्षेवर तोवर लष्करी विचाराचा पगडा होता आणि गुपित फुटू नये ही तिची चिंता होती. या दोघांनी व्यापारी पेढ्यांकडे बोट दाखवले. पेढीला गुपितापेक्षा हिशेब बिघडण्याची भीती जास्त. म्हणून तिथे माल मागवणारा वेगळा, माल मोजून घेणारा वेगळा आणि पैसे चुकते करणारा वेगळा. एकट्याला लबाडी करता येऊ नये आणि एकट्याची चूक तशीच पुढे जाऊ नये, यासाठी कामाची केलेली ही वाटणी संगणकाहून कितीतरी जुनी आहे, हे त्यांनी उघड मान्य केले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. रहिमतपूर हे आदिलशाही अमलातले गाव. आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याची कबर आणि शेजारची मशीद तिथे आजही उभी आहे. त्या अमलाबरोबर फर्मान, शिक्का, रुजुवात अशी दप्तराची सारी भाषा या खोऱ्यात मुरली. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे कानुजाबत्यात, म्हणजे कारभाराच्या लेखी नियमांत, नेमून दिली, तेव्हा राजपत्र कोणाच्या हातातून कसे जावे हेही त्यात सांगितले. पत्र लिहिणे चिटणिसांचे. पत्र शोधून, कमी-जास्त अक्षर असेल तर शुद्ध करून त्यावर संमतीची खूण करणे सचिवांचे. जमाखर्चाचा तपास अमात्यांचा. मुख्य प्रधानांचा शिक्का वेगळा. बाळाजी आवजी चिटणिसांचे अक्षर कितीही देखणे असले, तरी त्यांनी लिहिले एवढ्यावर पत्र राजाचे होत नसे.

त्या काळचे अस्सल पत्र पाहिले की ही वाटणी कागदावरच दिसते. माथ्यावर शिक्का असतो. खाली मोडीतला मजकूर, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे छोटी समाप्तिमुद्रा. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे असत. इथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे कोणी एक अक्षर जोडले तर ते राजाचे नव्हे, हा त्याचा अर्थ. ‘रुजू’, ‘बार’, ‘सूद’ अशा शेऱ्यांवरून कागद कोणत्या दप्तरातून तपासून आणि नोंद होऊन गेला ते कळे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत आवक-जावकीच्या नोंदवहीला अजून बारनिशी म्हणतात, ती याच घराण्यातली. लिहिणाऱ्याचा हात मोर्तबापाशी थांबे आणि आजच्या योगदानकर्त्याचा हात प्रसिद्धीपाशी थांबतो. दोन्हीकडे वाचणाऱ्याला एकच हमी मिळते : जे मंजूर झाले तेच माझ्यासमोर आले आहे.

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि पदे देण्याचा अधिकार साताऱ्याच्या गादीपाशी आला. पेशवाई म्हणजे साताऱ्याहून मिळणारी वस्त्रे, आणि त्यांबरोबर शिक्का व कट्यार. बाजीराव बल्लाळांच्या शिक्क्यात आधी ‘राजा शाहू नरपती’ येतात आणि मग मुख्य प्रधानाचे नाव. हा अधिकार माझा जन्मजात नाही, अमक्याने दिलेला आहे, हे दर कागदावर त्या शिक्क्यानेच सांगायचे. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर राज्यकारभार पुण्याकडे गेला, छत्रपती रामराजे साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत राहिले, तरी १७६१ मध्ये माधवरावांना पेशवाईच्या वस्त्रांसाठी साताऱ्यासच यावे लागले. नेमणूक करणारा दुबळा झाला होता, पण नेमणुकीची रीत सोडून पेशवे होण्याचे धाडस पुण्याने केले नाही.

या व्यवस्थेला कीड लागली ती दुसऱ्या बाजूने. शिवाजी महाराजांच्या वेळी प्रधानपदे वंशपरंपरेने चालत नसत. त्यांच्या माघारी, राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात आणि पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, पदे घराण्यांना चिकटली. सचिवपद शंकराजी नारायणांच्या घराण्यात राहिले आणि त्याचे भोर संस्थान झाले. मूळ काम राजाची पत्रे शुद्ध करण्याचे, आणि त्या पदाच्या नावाने पंत सचिव १९४८ पर्यंत भोरला राज्य करत होते! प्रतिनिधिपदाचेही तसेच. ते रहिमतपूरच्याच कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात स्थिरावले आणि त्यातून औंध संस्थान उभे राहिले. राजाच्या वतीने काम करायला नेमलेल्या माणसाचे वंशज स्वतःच राजे झाले. भूमिका माणसापासून सुटेनाशी झाली की काय होते, याचा याहून ठळक दाखला मला ठाऊक नाही.

पण औंधचा इतिहास इथे थांबत नाही, आणि या साऱ्या कुळकथेत मला तोच भाग सर्वांत थोर वाटतो. रहिमतपूर हे औंधला जाणाऱ्यांचे जवळचे रेल्वे स्टेशन. त्या संस्थानाकडे येणारे कितीतरी पाहुणे इथेच उतरले असतील. १९३९ च्या जानेवारीत औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानाला नवी राज्यघटना दिली आणि आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवले. गांधीजींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा आग्रह आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत तिच्यामागे होती. ७२ गावांच्या त्या लहानशा संस्थानात कारभाराची सुरुवात गावच्या पंचायतीपासून व्हायची होती. सर्वाधिकार हाती असलेल्या माणसाने आपणहून, लेखी आणि कायमचे आपले अधिकार कमी केले. आपल्या खात्यावरचा प्रशासकाचा अधिकार असा आनंदाने काढून देणारे किती भेटतात?

आज सरकारी संकेतस्थळांनाही लेखी नियम आहेत. भारत सरकारने २००९ साली त्यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मजकूर पुरवणारा, तो तपासणारा आणि मान्यता देऊन प्रसिद्ध करणारा अशा भूमिका ठरवून तसे धोरण जाहीर करावे, असे ती सांगतात. सातारा जिल्ह्याचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सामायिक सेवेवर चालते. चिटणीस, सचिव आणि मोर्तब करणारा ही जुनी साखळी या तीन भूमिकांत मला स्पष्ट दिसते. गावच्या लहान संस्थांना एवढ्या मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. तीन माणसे पुरतात, आणि माणसे कमी असली तर दोन, पण लिहिणारा आणि मान्यता देणारा एकच नसावा.

उरते ते पद काढून घेण्याचे काम. ते आपल्याकडे अजून कागदावर आलेले नाही. रहिमतपूरला १८५३ पासून नगरपालिका आहे. ठराव कसा लिहायचा, सही कोणाची, जावक क्रमांक कुठे, हे इथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मुख्याध्यापक किंवा सचिव बदलले की चार्ज देण्याघेण्याची यादी होते. कपाटाच्या किल्ल्या, रबरी शिक्के, चेकबुक, ठरावाची वही, सारे मोजून घेतले जाते आणि खाली दोघांच्या सह्या होतात. त्याच यादीत आणखी दोन ओळी यायला हव्यात : संकेतस्थळावर कोणत्या भूमिकेत कोण आहे त्याची नावनिशी, आणि जाणाऱ्याची भूमिका कोणत्या तारखेला काढली त्याची नोंद. नोंदणीचा ईमेल संस्थेच्या नावाचा असावा आणि प्रशासक दोन असावेत, म्हणजे एकाची बदली झाली तरी दुसऱ्याला ती भूमिका त्याच दिवशी काढता येईल.