श्रेयांक आणि उमेदवारी : मानसशास्त्राच्या पदवीशिक्षणातील एका व्यवहाराचा इतिहास

विद्यापीठीय व्यवहारात काही शब्द इतके सहज रुळतात की, त्यांच्यामागे काही इतिहास आहे याचे स्मरणही उरत नाही. 'श्रेयांक' आणि 'आंतरवासिता' हे असे दोन शब्द होत. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा यांमुळे या दोन शब्दांची आपल्याकडे जोडी जमली. मानसशास्त्राच्या पदवीविद्यार्थ्याने रुग्णालयात, शाळेत किंवा समुपदेशन केंद्रात ठरावीक तास काम करावे आणि त्याबद्दल त्याच्या खाती श्रेयांक जमा व्हावेत, ही कल्पना आता नियमात आली आहे. ती अमेरिकेत घडली. तेथे या दोन गोष्टी निरनिराळ्या कारणांनी जन्मास आल्या, त्यांची गाठ बरीच उशिरा पडली, आणि गाठ पडताना एक महत्त्वाची गोष्ट मागे पडण्याचा धोका उत्पन्न झाला. ती गोष्ट कोणती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक मानसशास्त्रज्ञ नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे; तेव्हा आरंभ शब्दांपासून करणे क्रमप्राप्त होय.

१. 'क्रेडिट' या शब्दाचे मूळ 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. विद्यापीठात येण्यापूर्वी हा शब्द सावकार आणि व्यापारी यांच्या वहीत नांदत होता. मराठीत त्याला 'श्रेयांक' हा प्रतिशब्द मिळाला आणि 'श्रेय' या शब्दामुळे त्याला नैतिक तेज आले. मुळातील जमाखर्चाचा वास मात्र झाकला गेला. 'इंटर्न' हा शब्द फ्रेंच रुग्णालयांतील. रुग्णालयातच वास्तव्य करून शिकणारा तरुण वैद्य, हा त्याचा अर्थ. 'आंतरवासिता' हा आपला प्रतिशब्द गुरूजवळ राहणाऱ्या 'अंतेवासी'ची आठवण करून देतो. परंतु या व्यवहाराला मराठीत याहून जुना, लोकांच्या तोंडचा शब्द आहे; तो म्हणजे 'उमेदवारी'. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. कचेरीत, पेढीवर किंवा कारागिराकडे पुढील आशेवर बिनपगारी अथवा नाममात्र मोबदल्यावर राबणारा तो उमेदवार. आशा आणि राबणूक या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावून घेणारी ही संज्ञा इतर दोहोंपेक्षा अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२. श्रेयांकाचा इतिहास अध्यापनशास्त्रातून निघत नाही. तो अध्यापकांच्या निवृत्तिवेतनातून निघतो. चार्ल्स एलियट हे १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्यांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्यांना दिल्यावर निरनिराळ्या विषयांची बेरीज कशी करावयाची, हा प्रश्न उभा राहिला. त्याला निर्णायक वळण मिळाले ते मात्र १९०५ मध्ये. अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर देऊन एक प्रतिष्ठान स्थापिले. लाभार्थी महाविद्यालय खरोखर महाविद्यालय आहे की नाही हे ठरविण्यासाठी प्रतिष्ठानाने अट घातली की, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने माध्यमिक शिक्षणाची १४ एकके पुरी केलेली असावीत. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास. १९१० मध्ये याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कुक या अभियंत्याने महाविद्यालयांच्या कार्यक्षमतेवर एक अहवाल लिहिला. कुक हे कारखान्यांतील कामाचे शास्त्रीय मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांच्या वर्तुळातील. एका विद्यार्थ्याचा वर्गातील वा प्रयोगशाळेतील एक तास हे मोजमाप त्यांनी सुचविले. तात्पर्य, तास मोजण्याची ही रीत विद्यार्थी काय शिकला हे सांगण्यासाठी निर्माण झालेली नव्हती. कार्नेगी प्रतिष्ठानाने स्वतःच शंभर वर्षांनंतर या एककाचा फेरविचार केला. एकक उपयुक्त आहे, परंतु ते शिकण्यासाठी मिळालेला वेळ मोजते, शिकणे मोजीत नाही, अशा आशयाचा निष्कर्ष २०१५ मध्ये निघाला.

३. मानसशास्त्रातील उमेदवारीची कुळी अगदी वेगळी आहे. मार्च १८९६ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात लाइटनर विट्मर यांच्याकडे एका शिक्षिकेने आपला एक विद्यार्थी आणला. मुलगा इतर बाबतींत समजूतदार, पण शब्दांचे वर्णलेखन त्याला साधत नसे. विट्मर यांनी त्याची तपासणी केली, दृष्टिदोष आढळल्यावर चष्म्याची व्यवस्था करविली आणि उरलेल्या अडचणीसाठी विशेष शिकवणीची योजना केली. जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्याचा आरंभ हा असा झाला. येथे शिकणे म्हणजे जाणत्या माणसाच्या शेजारी बसून एक मूल पाहणे होते. १९०८ च्या सुमारास न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील शाळेत हेन्री गॉडर्ड यांच्या हाताखाली मानसशास्त्राचे उमेदवार येऊ लागले. पुढे वुस्टर येथील राज्य मनोरुग्णालयात डेव्हिड शॅको यांनी या प्रशिक्षणाला पद्धतशीर रूप दिले. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९४७ मध्ये चार वर्षांच्या डॉक्टरेट शिक्षणातील तिसरे वर्ष आंतरवासितेसाठी राखावे असे सुचविले, आणि १९४९ च्या बोल्डर परिषदेने वैज्ञानिक व व्यावसायिक अशा दुहेरी प्रशिक्षणाचा पुरस्कार केला.

या परंपरेतील दोन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, तिच्या केंद्रस्थानी तास नव्हता, पर्यवेक्षक होता. दुसरा असा की, दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या रुग्णालयांना मानसशास्त्रज्ञांची निकड भासली, तेव्हा १९४६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय योजनेत प्रशिक्षणार्थींना वेतन दिले गेले. निकड मान्य झाली की, उमेदवाराच्या श्रमाचे मोलही मान्य होते.

४. हे सर्व पदव्युत्तर शिक्षणापुरते होते. पदवीविद्यार्थी या क्षेत्रात आला तो प्रथम स्वयंसेवक म्हणून. १९५० नंतरच्या दशकात हार्वर्ड व रॅडक्लिफ येथील विद्यार्थी बॉस्टनजवळच्या मेट्रोपोलिटन राज्य रुग्णालयातील दीर्घकाळ पडून असलेल्या रुग्णांना भेटू लागले. १९६३ मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला. मोठ्या रुग्णालयांतून वस्तीकडे वळणाऱ्या या धोरणाला माणसांचे हात हवे होते. त्याच दशकात, शिक्षण समाजाच्या प्रश्नांशी जोडले जावे ही विद्यार्थ्यांचीही मागणी होती. मिशिगन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील 'प्रोजेक्ट आउटरीच'सारखे उपक्रम या काळातले. त्यांत सामाजिक संस्थांतील काम पदवीच्या श्रेयांकात धरले जाऊ लागले. जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच बजावले होते की, प्रत्येक अनुभव शिक्षणदायी असतोच असे नाही. परंतु अनुभवाचे मूल्यमापन करणे दुष्कर, आणि तास मोजणे सोपे. त्यामुळे निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जन्मलेले माप रुग्णाच्या खाटेशेजारी येऊन बसले. २०१० मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाने श्रेयांक-तासाची जी व्याख्या केली, तीत वर्गातील एक तास व बाहेरील किमान दोन तास, असे सुमारे पंधरा आठवडे धरले आहेत. आंतरवासितेसाठी किमान तितकेच काम अपेक्षित आहे.

५. श्रेयांकाचा आणखी एक उपयोग न्यायालयांत दिसून आला. १९३८ च्या श्रमकायद्याने किमान वेतन ठरविले. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की, स्वतःच्या लाभासाठी थोडे दिवस शिकणारे उमेदवार नोकर ठरत नाहीत. पुढे 'ब्लॅक स्वॉन' या चित्रपटाच्या निर्मितीवर विनावेतन काम केलेल्या उमेदवारांनी दावा लावला. त्यात २०१५ मध्ये अपील न्यायालयाने, व्यवहाराचा मुख्य लाभ कोणाला होतो, ही कसोटी स्वीकारली. तिच्या सात अंगांपैकी एक म्हणजे आंतरवासितेचा अभ्यासक्रमाशी वा श्रेयांकाशी असलेला संबंध. श्रमविभागाने २०१८ मध्ये हीच कसोटी मान्य केली. शिवाय धर्मादाय व सार्वजनिक संस्थांत स्वेच्छेने केलेली विनावेतन उमेदवारी सर्वसाधारणपणे ग्राह्य मानली जाते, आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा राबता बहुधा अशाच संस्थांत असतो. म्हणजे जो श्रेयांक शिक्षणाचा पुरावा म्हणून द्यावयाचा, तोच वेतन न देण्याचेही एक समर्थन ठरू शकतो. अमेरिकेत तर त्या श्रेयांकाचे शुल्कही विद्यार्थीच भरतो. उमेदवार पैसे देऊन राबतो, अशी ही विपरीत स्थिती होय.

६. आपल्याकडील आराखड्यानुसार प्रात्यक्षिक वा क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातील ३० तास. चार श्रेयांकांचे १२० तास. कार्नेगींच्या एककाशी हा आकडा जुळावा हा योगायोगच. नियमांचा हेतू चांगला आहे यात संशय नाही. अडचण कोठे येते ते एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल.

मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीची क्षेत्रकार्याची नोंदवही भाषाविषयक शंकेच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाकडे आली होती. एकशेवीस तास काटेकोरपणे मांडलेले, प्रत्येक पानावर सही व शिक्का. बहुतेक तास जुन्या नोंदी संगणकावर उतरविण्यात गेलेले. मध्येच एका पानावर तिने लिहिले होते की, तेथे येणारा एक मुलगा 'ध'च्या जागी 'घ' लिहितो, पण बोलताना कधी चुकत नाही. असे का व्हावे? या ओळीखालीही नेहमीची सही व नेहमीचा शिक्का होता, उत्तर नव्हते. १८९६ मध्ये विट्मर यांच्यापुढे आलेला प्रश्न जवळपास हाच होता. तो एका विद्याशाखेचा आरंभ ठरला, कारण तो ऐकून घेणारा माणूस समोर होता. येथे तोच प्रश्न दोन तासांच्या रकान्यात जमा झाला.

यावरून क्षेत्रकार्य बंद करावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. वरील इतिहासाचा इत्यर्थ इतकाच की, उमेदवारीला शिक्षणाचे रूप तासांमुळे येत नाही, पर्यवेक्षणामुळे येते. जेथे पर्यवेक्षक नाही तेथे श्रेयांक देऊ नये, आणि जेथे केवळ श्रम आहे तेथे वेतन द्यावे, एवढा विवेक विभागांना पाळता येईल. त्यासाठी नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. नोंदवहीत 'तास' या रकान्याशेजारी 'विद्यार्थ्याचा प्रश्न' आणि 'त्यावर कोणाशी चर्चा झाली' असे दोन रकाने आखून घेतले तरी आरंभ होईल. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम तिने आणि प्रस्तुत लेखकाने मिळून आरंभिले आहे. त्याचे तास अर्थातच कोठेही धरलेले नाहीत.