हरिश्चंद्राचा कारखाना आणि आपली मुले

पिंपरी-चिंचवड व चाकण या टापूत स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांचा इतिहास कारखान्याशी निगडित आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी असे करीत यंत्रांचा घरघराट चाकणपर्यंत जाऊन पोचला. महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तीनंतरची निश्चिंती यांच्या आधारावर आपली घरे उभी राहिली. अशा घरातील मुलगा अथवा मुलगी जेव्हा 'मला चित्रपटात नट व्हावयाचे आहे' असे म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स होते. हा प्रश्न आता घरोघर उपस्थित होऊ लागला असल्याने त्याची पूर्वपीठिका ज्ञातिबांधवांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटले.

नटाचा पेशा आणि कारखाना या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असा आपला सार्वत्रिक समज आहे. परंतु इतिहास पाहता मौज अशी दिसते की, आपल्या देशातील चित्रपटाचा आरंभच कारखान्याच्या नावाने झाला. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्या काळी सिनेमात काम करणे इतके लाजिरवाणे मानले जाई की, 'आम्ही हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थाच्या कारखान्यात कामास आहो असे लोकांस सांगा', असा सल्ला फाळक्यांनी आपल्या नटांस दिल्याचे सांगतात. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडे नेसवून उभे करावे लागले. ह्याच साळुंक्यांनी १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये राम व सीता ही दोन्ही पात्रे रंगविली.

त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. पोटासाठी पत्करलेल्या या कामाबद्दल त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. परंतु काळाचा न्याय पाहा! कमलाबाईंचे पुत्र चंद्रकांत गोखले व नातू विक्रम गोखले यांनी तोच पेशा पत्करला आणि ज्या समाजाने पहिल्या पिढीकडे पाठ फिरविली, त्याच समाजाने पुढील पिढ्यांच्या गळ्यात हार घातले. १९३२ साली दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती झाल्या. सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यातील या स्त्रीस संसारावर कोसळलेल्या आर्थिक संकटामुळे कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागले होते. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस मिळाला. अब्रूचा प्रश्न काळाने हळूहळू निकालात काढला, तो असा.

पण अब्रूचा प्रश्न मिटला म्हणून पोटाचा प्रश्न मिटला काय? तो समजून घेण्यासाठी आपल्या अगदी शेजारी, पुण्यास, गेले पाहिजे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृतींची ही संस्था म्हणजे शब्दशः एक कारखाना होता. नट, तंत्रज्ञ, सुतार, रंगारी सारेच कंपनीचे नोकर. करार लिहून घ्यावयाचा, नेमून दिलेले काम करावयाचे आणि दरमहा वेतन घ्यावयाचे. आपल्या इंद्रायणीकाठच्या देहूचे संतश्रेष्ठ याच कारखान्यात १९३६ साली पडद्यावर अवतरले. 'संत तुकाराम'मध्ये ती भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवरील स्त्रीभूमिका करणारे नट. १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. पुढे देव आनंद यांनीही आपल्या कारकिर्दीचा श्रीगणेशा प्रभातच्या करारपत्रावर सही करूनच केला.

याच प्रभातच्या फाटकाशी १९३९ साली एक अपूर्व घटना घडली. 'अमृतमंथन' व 'कुंकू' या चित्रपटांनी घराघरात पोचलेल्या शांता आपटे यांचा कंपनीशी कराराच्या अटी व वेतन यांवरून वाद झाला आणि त्या प्रवेशद्वाराशी उपोषणास बसल्या. एका नामांकित नटीने कामगाराप्रमाणे फाटकावर ठाण मांडावे, हे पाहून लोक थक्क झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज आपल्या मुलांच्या ओठी असलेला प्रश्न एका मराठी अभिनेत्रीने १९४० सालीच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापला होता, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? 'घराण्याची लाज जाईल काय' हा समाजाचा प्रश्न होता. 'कामाचा मोबदला कोणत्या अटींवर मिळेल' हा शांताबाईंचा प्रश्न होता. आमच्या मते दुसराच प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे.

किंबहुना आज तो अधिक तीव्र झाला आहे. १९५३ साली प्रभात बंद पडली. तिच्याच जागेवर १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. तेथून जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी यांसारखे कलावंत बाहेर पडले. अभिनयाचा अभ्यासक्रम मध्यंतरी कित्येक वर्षे बंद होता, तो २००४ पासून पुन्हा सुरू झाला. शिक्षणाची सोय झाली खरी. परंतु मासिक वेतनाची ती पद्धत गेली ती गेलीच. आता नट हा रोजंदारीचा कामगार झाला आहे. काम असेल त्या दिवसाचे पैसे, आणि मालिकांच्या व्यवसायात तेही बहुधा नव्वद दिवसांनी हाती पडावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. चिंचवडहून गोरेगावच्या चित्रनगरीपर्यंतचे खेटे, तेथील घरभाडे व कामावाचून जाणारे महिने यांचा हिशेब त्या पैशातूनच करावयाचा असतो.

म्हणून जे या क्षेत्रात टिकले, त्यांची चरित्रे पाहावीत. निळू फुले यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. लोकनाट्याची तालीम अंगी मुरल्यावर १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'ने ते पडद्यावर आले. राजा गोसावी चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीवर बसले होते. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. वर्षानुवर्षे हौशी रंगभूमीवर राबून १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी व्यवसाय सोडला व पूर्ण वेळ नट झाले. त्यानंतर 'नटसम्राट', 'पिंजरा', 'सामना' घडले. यांपैकी कोणीही चूल विझवून कलेची आरती ओवाळली नाही. हाताला काम व अंगी तालीम ही दोन्ही सांभाळून त्यांनी वाट चालली. अर्थात हे यशस्वी झालेल्यांचे दाखले होत. तितकीच मेहनत करून अज्ञात राहिलेल्यांची गणना कोणी ठेविलेली नाही, हेही विसरता कामा नये.

तालमीसाठी आपल्या टापूत आता साधनांची वाण नाही. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनही याच नगरीत भरले. ज्या नगरीची ओळख केवळ यंत्रांची होती, तिने हा मान मिळविला, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

तेव्हा पालकांस आमची विनंती अशी की, मुलास वा मुलीस 'लोक काय म्हणतील' असे विचारू नये. तो प्रश्न दुर्गाबाई कामतांच्या पिढीने आपल्या वाट्याचे भोगून संपविला आहे. त्याऐवजी असे विचारावे: तालीम कोठे व किती वर्षे घेणार? तोपर्यंत उपजीविका कशाने चालणार? करारपत्रात कामाचे तास, मोबदला व तो मिळण्याची मुदत लिहिली आहे काय? जो काम देण्यापूर्वीच नावनोंदणीच्या वा छायाचित्रांच्या नावाखाली पैसे मागतो, त्याच्याकडे तू का जावेस? कोणत्याही कारखान्यात नोकरीस लागताना मालक कामगारास पैसे देतो, कामगार मालकास नव्हे, हे आपल्या घरांस वेगळे सांगावयास नको.

आपल्या मंडळात वकील आहेत, कामगार-चळवळीत उभी हयात घालविलेले ज्येष्ठ आहेत. अशा मुलांची करारपत्रे सहीपूर्वी वाचून देण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे. आणि वैद्यकी व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस मंडळ जे शैक्षणिक साहाय्य देते, त्यास अभिनयाचा रीतसर अभ्यासक्रम करणारे विद्यार्थीही पात्र समजावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवीत आहो. फाळक्यांच्या नटांस आपले काम लपविण्यासाठी कारखान्याचे नाव पुढे करावे लागले. आपल्या मुलांस ते लपवावे लागू नये, आणि कारखान्यातील कामगाराने झगडून मिळविलेले हक्क मात्र त्यांस लाभावेत, एवढीच आमची इच्छा आहे.