तीन पडदे आणि डावीकडची धावपट्टी

मंडळी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, आयुष्यभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवलेल्या माणसाने कॉम्प्युटरवरच्या विमानाबद्दल लिहावं, हे जरा विचित्रच वाटेल. पण इतिहासाच्या मास्तरला कुठल्याही वस्तूची वंशावळ शोधायची खोड असते. शिवाय या विषयाने मला एक गोष्ट शिकवली, ती शेवटी सांगतो.

लहानपणी विमान म्हणजे आभाळातला आवाज, एवढंच ठाऊक होतं. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि पुढे कधीमधी वरून काहीतरी कडाडत जायचं. आम्ही मुलं मान वर करेपर्यंत ते गेलेलंही असायचं. मग १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं. नाव शिर्डीचं, पण जागा आमच्या कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावची बरं का! ज्या माळावर बाजरी व्हायची तिथे अडीच किलोमीटरची धावपट्टी आली.

माझा नातू पुण्यात नोकरीला. २०२० च्या टाळेबंदीत तो घरून काम करायला म्हणून कोपरगावला आला आणि माडीवरच्या खोलीत त्याने एकामागून एक असे तीन मॉनिटर मांडले. दिवसा कामाचे आकडे, रात्री विमान! एक्स-प्लेन नावाचा सिम्युलेटर त्याने घातला होता. मी चहा घेऊन वर गेलो तर समोर शिर्डीची धावपट्टी.

"आजोबा, बसा. काकडीला एक चक्कर मारून आणतो तुम्हाला."

पहिल्याच चक्करीत मला खटकलं. मधल्या पडद्यावर सगळं ठीक, पण बाजूच्या पडद्यांवर इमारती आडव्या ताणलेल्या, कडेची झाडं जाडजूड, लांबची टेकडी म्हणजे जणू कणकेचा लाटलेला गोळा. मी म्हटलं, "अरे, हा तर ग्रीनलंड झाला!"

त्याला कळेना. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. मर्केटर पद्धतीच्या त्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हटली की कुठेतरी खोटं बोलावंच लागतं, आणि मर्केटरने ते ध्रुवांकडे ढकललं. नातवाच्या पडद्यांवर तेच चाललं होतं. कॉम्प्युटर तिन्ही पडदे मिळून एकच लांबलचक सपाट पडदा समजत होता आणि त्यावर एकच रुंद चित्र ताणून बसवत होता. खोटं गेलं कडांना.

दुसरी पद्धत त्याने नंतर लावली. यात तीन पडद्यांना तीन वेगळी दृश्यं. मधला सरळ पाहतो, डावा डावीकडे वळून, उजवा उजवीकडे वळून. पडदेही तसेच कोनात वळवून ठेवायचे, कपाटाच्या तीन आरशांसारखे. ताण गेला, झाडं झाडांसारखी दिसू लागली. मात्र कॉम्प्युटरला एकाऐवजी तीन चित्रं काढावी लागतात, त्यामुळे तो दमतो आणि विमान अडखळत चालतं. तिसरी पद्धत अशी की जादा पडद्यावर बाहेरचं दृश्य नकोच, तिथे उंची, वेग, दिशा दाखवणारी उपकरणं मांडायची.

या तिन्ही पद्धती वाचत गेलो तेव्हा कळलं की यात नवं फारसं काही नाही.

सुरुवात तिसऱ्या पद्धतीपासून. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२९ साली त्याने ऑर्गनचेच भाते वापरून एक खोटं विमान बनवलं. आपल्या पेटीच्या भात्याची मोठी भावंडं समजा. भात्यांत हवा भरली-सोडली की छोटीशी निळी पेटी डुले, वळे, कलंडे. वर टोपण. आत बसलेल्याला बाहेरचं काहीही दिसत नसे, फक्त उपकरणं! जत्रेतलं खेळणं म्हणून लोक हसले. पण १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचं काम आलं, आणि धुक्यात, हिमवादळात भराभर वैमानिक मेले. मग लष्कराने अशी सहा यंत्रं घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटीत बसून शिकले. धुक्याची किंमत आपल्यालाही ठाऊक आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे शिर्डीची उड्डाणं काही काळ बंद होती.

लिंकने बाहेरचं जग काढून टाकलं, तर फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्या अमेरिकनाने ते सगळं आत आणायचं ठरवलं. हा सिनेमातला, कॅमेऱ्याच्या करामती करणारा माणूस. त्याच्या लक्षात आलं की आपण हलतोय, आपण 'तिथे' आहोत ही जाणीव डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेच्या नजरेतून अधिक येते. एस.टी.त खिडकीशी बसा. समोर पुस्तक उघडं असलं तरी कडेने पळणारी झाडंच तुम्हाला सांगतात की गाडी चालली आहे. महायुद्धात त्याने विमानावरच्या तोफचींच्या सरावासाठी पाच प्रोजेक्टर आणि गोलाकार पडद्याचं यंत्र बनवलं. युद्ध संपल्यावर त्यातूनच सिनेरामा निघाला. ३० सप्टेंबर १९५२ ला न्यूयॉर्कमध्ये 'धिस इज सिनेरामा' लागला. तीन प्रोजेक्टर, अर्धवर्तुळाकडे झुकणारा १४६ अंशांचा पडदा, आणि सुरुवातीलाच रोलरकोस्टरची सफर.

आता गंमत पाहा. सिनेरामाच्या कॅमेऱ्यात तीन भिंगं होती, एकमेकांशी ४८ अंशांचा कोन करून बसवलेली. नातवाचे पडदे २४ इंची, म्हणजे सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद. दोन फुटांवरून पाहिलं तर असा एक पडदा डोळ्याशी किती अंशांचा कोन करतो? मी कागदावर आकडेमोड केली. साधारण ४८! नातवाने डाव्या पडद्याला उणे ४८ आणि उजव्याला अधिक ४८ अशी संख्या आधीच टाकलेली होती. वॉलरचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं. भूमितीला नाव लागत नाही.

दोघांचं दुखणंही एकच. सिनेरामात तीन चित्रांचे सांधे दिसत. ते पुसट व्हावेत म्हणून प्रोजेक्टरमध्ये कंगव्यासारख्या दातेरी पट्ट्या हलवत. नातवाच्या पडद्यांना काळ्या चौकटी आहेत. त्यामागे जेवढं लपेल तेवढं चित्र कापून टाकायची सोय कॉम्प्युटरात असते, म्हणजे खिडकीच्या गजामागे जग चालू राहिल्यासारखं वाटतं.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. ब्रूस आर्टविकने घरगुती कॉम्प्युटरवर विमान आणलं आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा फ्लाइट सिम्युलेटर विकायला काढला. विंडोज ९८ पासून एका कॉम्प्युटरला अनेक पडदे जोडणं सोपं झालं. २००६ मध्ये मॅट्रॉक्स कंपनीने एक डबी काढली. ती कॉम्प्युटरला बेमालूम फसवायची की बाबा रे, तुला एकच रुंद पडदा जोडलाय. २००९ मध्ये एएमडीने ही सोय ग्राफिक्स कार्डातच दिली. खरे वैमानिक ज्या मोठ्या सिम्युलेटरवर शिकतात तिथे प्रोजेक्टरचं चित्र भल्या मोठ्या वक्र आरशातून दाखवतात. त्यामुळे जग दोन फुटांवर नव्हे, खरोखर लांब असल्यासारखं दिसतं.

असो. आता ती गोष्ट.

मागच्या वर्षी दिवाळीत नातवाने मला वैमानिकाच्या जागी बसवलं. विमान उतरवण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जायचं असतं. धावपट्टी डाव्या हाताला राहते, आणि ती पाहतच कधी वळायचं ते ठरवायचं. एका पडद्यावर ती दिसतच नाही. बाजूचे पडदे हवेत ते नेमके यासाठी.

"आजोबा, धावपट्टी दिसतेय ना डावीकडे?"

"नाही रे."

त्याने कोन बदलला. पुन्हा नाही. अर्धा तास तो आकडे खालीवर करत होता. सेटिंग चुकलंय असंच आम्ही दोघे धरून चाललो होतो. मग त्याने मला सरळ समोर पाहायला सांगितलं आणि डाव्या पडद्याजवळ आपला हात हलवला. मला हात दिसला नाही. मान वळवली तेव्हा दिसला.

तो काही बोलला नाही. पडदे बंद केले.

नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे पाहायचं आणि कडेला प्रकाश चमकला की बटण दाबायचं. तोही सिम्युलेटरच म्हणा! निदान झालं काचबिंदूचं, डावा डोळा बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची. मी विचारलं, इतके दिवस कळलं कसं नाही? ते म्हणाले, मेंदू रिकामी जागा भरून काढतो. म्हणजे काळ्या चौकटीमागे जग चालू ठेवण्याची सोय आपल्याही डोक्यात आहे, फक्त ती आपल्याला विचारून चालत नाही.

स्कूटर विकली. चाळीस वर्षं चालवली होती, वाईट वाटलं. पण डावीकडून सायकलवर येणारं एखादं शाळकरी पोर मला दिसलं नसतं तर? या विचाराने अजूनही झोप उडते.

नातू आता सुट्टीला आला की माझ्यासाठी पडद्यांची मांडणी बदलतो. बाजूचे दोन बंद, आणि मधल्या एकाच पडद्यात नव्वद अंशांचं रुंद दृश्य कोंबलेलं. सगळं लहान, लांब, कडेला ताणलेलं, अगदी मर्केटर. परवा तो म्हणाला, "आजोबा, हे चुकीचं चित्र आहे बरं का."

मी म्हटलं, "असू दे. ग्रीनलंड मोठा दिसला तरी चालेल. काकडीची धावपट्टी तर दिसतेय!"

चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यांच्या कडा एकदा तपासून घ्या, मंडळी. समोरचं दिसतंय म्हणून सगळं दिसतंय असं नसतं.