कर्मवीर भाऊराव पाटील आणि वसतिगृहाची भाकरी

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने ज्या कर्तबगार व्यक्ती घडविल्या, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे स्वतःचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. कोल्हापुरात शिकत असता ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि त्या कारणावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग समाजाला भूषणावह नाही. तथापि तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही.

पुढे उपजीविकेसाठी त्यांनी ओगले काच कारखान्यात काम केले, तसेच किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. ज्याने मालाचा नमुना दाखवत खेडी पालथी घातली, त्याला गिऱ्हाइकाच्या कनवटीला किती पैसे आहेत हे बरोबर कळते. भाऊरावांना उमगले ते असे, की शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षणापासून अडविणारी गोष्ट केवळ फी नव्हती. हायस्कूल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. मुलगा तेथे गेला की शेतावरचे दोन हात कमी होत, आणि परगावी त्याच्या राहण्याजेवणाचा खर्च उभा राही. खरी अडचण दोन वेळच्या भाकरीची होती.

म्हणून त्यांनी शाळेइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष वसतिगृहाकडे दिले. १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सर्व मुले तेथे एका पंक्तीत जेवत.

हा संसार चालविला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने परजातीची मुले पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळली. मुलांच्या धान्यासाठी त्यांचे दागिने एकामागून एक गेले. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले, ही हकीकत साताऱ्याकडे आजही सांगितली जाते. व्यापारी माणसाला सोने मोडण्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

दागिन्यांवर संस्था किती दिवस चालणार? मुलांचे श्रम हेच त्यांचे भांडवल मानून भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' ही योजना रुजविली. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर हात लावावा आणि त्या बळावर शिकावे, अशी व्यवस्था होती. दानावर वाढलेल्या मुलाची मान थोडी खाली राहते. या मुलांची राहिली नाही.

या वसतिगृहांतून शिक्षक, वकील, सरकारी अधिकारी बाहेर पडले. पी. जी. पाटील हे याच बोर्डिंगचे विद्यार्थी. ते बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. सर्वांनाच एवढे मोठे पद मिळाले असे नाही. परंतु पावसावर विसंबलेल्या घरात दरमहा पगार येऊ लागला, की सावकाराचे देणे फिटे, धाकटी भावंडे शाळेत जात. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले, तेव्हा संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले आणि तीन महाविद्यालये होती. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

लक्ष्मीबाईंचे ते सोने परत घडविले गेले नाही. संस्थेने त्यांच्या नावे शिक्षणोत्तेजक पतपेढी उघडली, आणि तेथून गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी कर्ज मिळू लागले.